शिस्त विमानतळावरच राहिली

नाताळात किंवा मे महिन्यात परदेशातली माणसे गावी आली की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एक ठरलेले संभाषण ऐकू येते. कुणी कुवेतहून आलेला असतो, कुणी दुबईहून, हल्ली कुणी टोरांटोहून. "तिकडे असे नसते हो," ही त्याची सुरुवात. तिकडे कुणी उगाच हॉर्न वाजवत नाही, तिकडे रात्री दोन वाजता चिटपाखरू नसतानाही लाल दिव्याला गाडी थांबते, तिकडे माणसाने रस्त्यावर पाऊल ठेवले की मोटारी उभ्या राहतात. ऐकणारे माना डोलावतात आणि शेवटी एकमताने ठराव संमत होतो की आपल्या लोकांना शिस्त नाही, ती आपल्या रक्तातच नाही. मग वक्ते महाशय आपल्या मोटारीकडे वळतात. ती फाटकासमोर, दुसऱ्या दोन गाड्यांची वाट अडवून उभी असते. पट्टा न लावता, हॉर्नवर तळहात दाबून, पायी घरी निघालेल्या बायाबापड्यांच्या घोळक्यातून ते ती बाहेर काढतात.

या ठरावाला आमचा विरोध आहे. तो नोंदवण्याचा आमचा अधिकार एवढाच की एकोणीस वर्षे आम्हीही मस्कतला गाडी चालवली, हे भाषण आम्हीही त्याच आवारात उभे राहून केले आणि गाडीही तशीच उभी केली.

देशोदेशी गाडी चालवण्याच्या रीती वेगळ्या असतात हे आम्ही नाकारत नाही. काही भेद तर निव्वळ भाषेचे असतात. दिव्यांची उघडझाप घ्या. इंग्लंडात समोरच्या गाडीने दिवे मिचकावले तर बहुधा त्याचा अर्थ 'तुम्ही आधी या' असा घेतात. आपल्याकडे त्याचाच अर्थ 'मी थांबणार नाही, तुम्ही थांबा' असा. इंग्लंडात वाढलेला आमचा एक भाचा नाताळात आला होता. पापडी नाक्यावर समोरून दिवे मिचकावणाऱ्या टेम्पोला हसून हात करीत तो पुढे निघाला. टेम्पोवाल्याचे ब्रेक चांगले होते म्हणून तो नाताळ आमच्या घरी साजरा झाला. हॉर्नचेही तसेच. मस्कतमध्ये हॉर्न म्हणजे ठपका. कुणी तो वाजवला तर आपले काय चुकले हे माणूस आरशात पाहतो. आपल्याकडे हॉर्न म्हणजे वर्दी. वाडीच्या कुंपणांमधून जाणाऱ्या, बावखलाला वळसा घालणाऱ्या, बैलगाडीच्या काळी आखलेल्या आपल्या रस्त्यांवर वळणापूर्वी वर्दी द्यावीच लागते. मालमोटारींच्या पाठीवरची 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंद करायला लावली, तरी ती वर्दी बंद होणार नव्हती, आणि झालीही नाही. त्यात आम्हांस पाप दिसत नाही. पाप आहे ते वर्दी दिल्यानंतरच्या वेगात. 'मी वाजवला होता, आता जबाबदारी तुझी' हा जो आपल्या हॉर्नचा छुपा अर्थ आहे, त्याला आम्ही संस्कृती म्हणायला तयार नाही.

मस्कतमध्ये आमच्यासाठी पहिली मोटार थांबली तो क्षण आम्हांस अजून आठवतो. मत्राहच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर, पांढऱ्या पट्ट्यांपाशी, आम्ही आपल्या सवयीप्रमाणे पळण्याच्या पवित्र्यात उभे होतो. एक मोठी मोटार आली आणि थांबली. मागच्याही थांबल्या. आम्ही मागे वळून पाहिले; वाटले, कुणी बडा माणूस येत असेल. चालकाने हाताने खूण केली तेव्हा कळले की थांबणे आमच्यासाठी होते. खिशात पहिला पगारही न आलेला परदेशी कारकून, त्याच्यासाठी! रस्ता ओलांडताना आमची चाल बदलली. आयुष्यात प्रथमच आम्ही रस्ता चालत ओलांडला, पळत नव्हे. तेव्हा मनाशी म्हटले होते की गावी गेल्यावर आपणही असेच थांबायचे. ते आम्ही किती पाळले, हे पुढे येईलच.

मग परवान्याची कथा. इथला परवाना आम्ही कसा मिळवला ते सांगण्यासारखे नाही. एजंटाच्या हाती कागद व पैसे दिले, चार ठिकाणी सह्या केल्या आणि गाडीचे चाक आठ हात न हलवता चालक झालो. दोष त्या एजंटाचा जेवढा, तेवढाच आमचा. मस्कतमध्ये तो परवाना कुणी विचारात घेतला नाही. तिथे आधी पिंपांची परीक्षा: मोकळी पिंपे उभी करून ठेवलेली असतात, त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत गाडी उलटी न्यायची; पिंपाला स्पर्श झाला की घरी. मग चढाची परीक्षा: चढावर गाडी थांबवायची आणि तसूभरही मागे न घसरता पुन्हा चालू करायची. मग शेजारी पोलीस अधिकारी बसवून भर रस्त्यावरची. आम्ही तीनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी अधिकाऱ्याने एवढेच सांगितले की तू आरशात पाहत नाहीस. किती खरे होते ते! मागून कोण येते आहे याच्याशी आपला काही संबंध आहे, असे आम्हांस तोवर कुणी शिकवलेच नव्हते.

आता 'रक्ता'कडे वळू. मस्कतमध्ये लाल दिव्याला थांबणारा आणि गावी चर्चच्या फाटकात गाडी आडवी लावणारा, हे दोघे वेगळे नाहीत. रक्त तेच, हात तेच, बाप्तिस्माही एकच. आखातात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात, आपल्याकडे डाव्या. ती उलटापालट आमचे हातपाय आठ दिवसांत शिकत आणि सुट्टीवर आल्यावर आठ दिवसांत विसरत. १९६७ च्या सप्टेंबरची तीन तारीख उजाडली तेव्हा स्वीडन नावाच्या आख्ख्या देशाने एका पहाटे डावी बाजू सोडून उजवी धरली. जी सवय एका पहाटेत बदलता येते ती रक्तातली कशी?

आणि ज्यांच्या रक्तात ती आहे असे आम्ही समजतो त्या अरबांचे काय? १९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. म्हणजे मोटारीची परंपरा त्यांच्यापेक्षा आपलीच जुनी. तिथले लांब, सरळ, वाळवंटातले रस्ते बेदरकार वेगासाठी कुप्रसिद्ध होते. सलालाहकडे जाणाऱ्या एकेरी रस्त्यावर समोरासमोर धडकून किती कुटुंबे गेली, त्यांत आपल्याही ओळखीची होती. रुवीच्या संत पीटर व पॉल चर्चमध्ये शुक्रवारच्या मिस्सेला त्यांच्यासाठी प्रार्थना होत असे. २०१२ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यावर तिथल्या लोकांनी आपल्या रक्ताला दोष देत बसण्याऐवजी रस्ते दुहेरी केले, वेग टिपणारे कॅमेरे बसवले, २०१६ साली कायदा कडक केला. २०१९ पर्यंत मृतांचा आकडा निम्म्यावर आला. माणसे तीच होती. तेव्हा 'तिकडचे लोक सुसंस्कृत' हे जसे खोटे, तसे 'आपले लोक असंस्कृत' हेही खोटे.

मग आम्ही तिकडे जे शिकलो ते काय होते? आमचे उत्तर कटू आहे: ती भीती होती. दंडाची, कॅमेऱ्याची, नोकरी जाण्याची, परत पाठवले जाण्याची. शिस्त समजून आम्ही जी वस्तू एवढी वर्षे वागवली ती आमची नव्हतीच, परक्या सरकारने वापरायला दिलेली होती. देश सोडताना ती तिथेच जमा केली. सहारच्या विमानतळावर सामान गाडीत चढते तेव्हा खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीपासून खजुराच्या डब्यापर्यंत सगळे मोजून घेतलेले असते. शिस्त तेवढी राहते. दहिसरचा नाका येईपर्यंत पट्टा निघालेला असतो, वरसाव्याच्या पुलावर दुसऱ्या गाडीच्या डावीकडून घुसणे सुरू होते, आणि वसई फाट्याला वळेपर्यंत आम्ही पुरते 'आपल्या माणसांत' आलेलो असतो.

यावर हमखास येणारे उत्तर आम्हांस ठाऊक आहे: रस्ते तरी कुठे आहेत? पदपथ नाहीत, खड्डे बुजत नाहीत, दिवे बंद, पोलीस एक तर नसतो किंवा असून नसल्यासारखा. सगळे खरे आहे. पदपथासाठी भांडले पाहिजे, आणि आम्ही भांडणाऱ्यांच्या बाजूने आहोत. परंतु हे उत्तर देणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. रस्त्याला पदपथ नाही, म्हणून म्हातारी माणसे डांबरावरून चालतात, हे माहीत असलेल्याने गाडी हळू चालवायची की जोरात? वाईट रस्ता हे सावकाश जाण्याचे कारण आहे. आम्ही ते बेफिकिरीचे कारण करून ठेवले आहे. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. हेल्मेट न घातल्यामुळे मेलेली ५०,०२९. हेल्मेट घालायला कुठला चांगला रस्ता लागतो?

त्याच वर्षी ४ सप्टेंबरला आपल्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर, उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस आपल्या घरोघरी मागच्या आसनाच्या पट्ट्याची चर्चा झाली. पंधराच दिवस.

आता घरातले बोलू.

काही वर्षांपूर्वीच्या उपवासकाळातील गोष्ट. आमच्या शेजारची एक मावशी, लाल लुगडे नेसणाऱ्या शेवटच्या पिढीतली, पहाटेच्या मिस्सेला पायी निघाली होती. पन्नास वर्षे ती त्याच रस्त्याने जात होती. वाटेत एक जुना क्रूस आहे, तिथे रस्ता वळतो. त्या वळणावर मोटारसायकलवरून आलेल्या तिघा मुलांनी तिला उडवले. मुले परकी नव्हती. आपल्याच धर्मग्रामातली, अकरावीतली, कुठल्याशा हळदीच्या रात्रीच्या जागरणाहून परतणारी. परवाना एकाकडेही नव्हता, वयच नव्हते. मोटारसायकल वडिलांनी आखातातून पैसे पाठवून दहावीच्या निकालाची भेट म्हणून घेऊन दिलेली. आणि ते वडील? पुढे ते स्वतः अभिमानाने सांगत की वीस वर्षांत त्यांना तिथे एकदाही दंड झाला नाही.

मावशीची कंबर मोडली. आठव्या दिवशी तिच्या घरी बैठक बसली. दोन्हीकडची माणसे, गावातले चार जाणते, आणि त्या जाणत्यांमध्ये आम्ही. मुलाच्या आयुष्याचे वाटोळे होईल, पोलिसांत जाऊ नये, दवाखान्याचा सगळा खर्च मुलाकडचे देतील, असे ठरले. ठरवणाऱ्यांत आमचा आवाज मोठा होता. मुलाचे वडील त्यासाठी रजा काढून आले होते. ते पलंगाशी वाकून म्हणाले, "मावशी, देवाच्या मनात होते, त्याला आपण काय करणार?" खोलीतल्या सर्वांनी माना डोलावल्या. मावशी एवढेच म्हणाली, "देव मोटारसायकल चालवत नव्हता, बाळा."

त्यानंतर ती स्वतःच्या पायांनी चर्चला गेली नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर तिला घरी पवित्र कम्युनियन आणून देत. ती मोटारसायकल तीन महिने पडवीत झाकून होती. मग पुन्हा रस्त्यावर आली. चालवणारा तोच, वय अजून सतराच.

त्या बैठकीत आम्ही जे केले त्याला आम्ही तेव्हा दया समजत होतो. आज ते तसे वाटत नाही. येशूने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली ती एका रस्त्याचीच गोष्ट आहे: यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या. जखमी माणसाला बगल देऊन पुढे गेलेले याजक व लेवी आम्ही दर वर्षी प्रवचनात ऐकतो आणि त्यांची कीव करतो. परंतु त्या दोघांनी निदान जखमीच्या पलंगाशी येऊन 'देवाच्या मनात होते' असे सांगितले नव्हते. जे आमच्या हातून घडले ते देवाच्या नावावर लिहून ठेवणे, याला आमच्या धर्मात फार जुने आणि फार वाईट नाव आहे. आणि दया दाखवायचीच होती तर ती कुणाला? त्या पलंगावरची बाई त्या खोलीत एकटी होती. तिच्या बाजूने बोलणारा कुणी नव्हता.

ख्रिस्तसभेने याविषयी मौन पाळले आहे असेही नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात पाचव्या आज्ञेचे विवेचन आहे. त्यातील २२९० वा परिच्छेद स्पष्ट सांगतो की दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी जो रस्त्यावर स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो, त्याच्याकडे गंभीर दोष येतो. अपघात झाला तरच, असे तिथे म्हटलेले नाही. धोक्यात घालणे पुरेसे आहे. २००७ साली व्हॅटिकनमधून वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध झाल्या आणि त्यांतली पहिली म्हणजे हीच पाचवी आज्ञा. त्या वेळी वर्तमानपत्रांनी त्याची थोडी गंमत केली; आमच्यापैकी कितीकांनी ती बातमी वाचून हसून पान उलटले. पापनिवेदनाला गुडघे टेकताना आम्ही चुकलेली मिस्सा सांगतो, खोटे बोलणे सांगतो, शेजाऱ्याशी धरलेला अबोला सांगतो. लग्नाच्या जेवणावरून चार पेले घेऊन, मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल बसवून घरी आलो, हे कुणी सांगतो काय? आम्ही तरी कधी सांगितले नाही.

उलट श्रद्धेचे सामान आम्ही गाडीत भरपूर ठेवतो. आरशाला रोझरी अशी लोंबते की मागचे सोडा, पुढचेही नीट दिसू नये. संत ख्रिस्तोफरचा बिल्ला असतो. या संताचा सण १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळण्यात आला, पण डॅशबोर्डवरून त्याला हलवण्याची कुणाची हिंमत झाली नाही; बरेच आहे, त्या बिचाऱ्याला आपल्याकडे काम फार. वळणावरच्या क्रूसापाशी क्रुसाची खूण करण्यासाठी आमचा हात हँडलवरून निघतो. ब्रेकवर मात्र बोट जात नाही. मावशी पडली तो क्रूस हाच.

कायदाही आता दात असलेला झाला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण हा कायदा अशा घरगुती बैठकांपुढे हतबल आहे; तक्रारच झाली नाही तर तो कुणाला धरणार? म्हणून आमचा रोख सरकारवर कमी आणि आपल्या ओट्यांवर जास्त आहे. भीतीने शिस्त येते हे आम्ही तिकडे पाहिले. भीती नसताना ती यावी यासाठी माणसाला सदसद्विवेक दिलेला आहे, आणि तो कुठल्याही विमानतळावर जमा करून घेत नाहीत. आम्ही तो गाडी चालवताना वापरत नाही, इतकेच.

काय करावे? आमच्या मागण्या लहान आहेत. नव्या गाडीवर पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी फादरांनी चालवणाऱ्याचा परवाना पाहायला मागावा. नसेल तर आशीर्वाद परवाना येईपर्यंत थांबेल. धर्मशिक्षणाच्या वर्गाला स्कूटरवरून येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षकांनी वर्गात जरूर घ्यावे, पण किल्ली ठेवून घ्यावी आणि ती आईबापांच्याच हाती द्यावी. मिस्सेच्या वेळी फाटकापासून शंभर पावले रस्ता मोकळा ठेवावा; आखातात शुक्रवारी जे अर्धा मैल लांब गाडी लावून उन्हातून चर्चला चालत जातात, त्यांना हे जड जाऊ नये. आणि पुन्हा अशी बैठक बसलीच, तर आम्हांला बोलावू नये. बोलावले तर आम्ही पलंगाच्या बाजूने बोलू.

हा मजकूर छापायला देण्यापूर्वी आम्ही एका स्नेह्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे छापू नका. कुणाच्या पोराविषयी आहे ते सगळ्यांना कळेल." आम्ही विचारले, कुणाच्या? त्यांनी एक नाव घेतले. ते त्या मुलाचे नव्हते. दुसऱ्या स्नेह्यांनी तिसरेच घेतले.